खांडसच्या पुलावरचा फाटा: सतरा जणांच्या गटाचे एक प्रकरण

कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला येणाऱ्या प्रत्येक भटक्याला भीमाशंकरच्या वाटेविषयी पहिली खूण सांगितली जाते ती पुलाची. ‘गावातून पुढे गेलात की पूल लागेल, तिथून डावीकडे शिडी घाट आणि उजवीकडे गणपती घाट’ एवढ्या एका वाक्यात कोकणातून भीमाशंकर चढण्याचे दोन्ही प्रचलित मार्ग सांगून होतात आणि बहुतेक दिवशी तेवढे पुरतेही. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी ते पुरले नाही. सतरा जणांचा आमचा गट त्या पुलापाशी तुटला. तेरा जण उजवीकडे गेले, चौघे डावीकडे गेले आणि गट तुटला आहे हे मान्य करायला पुढच्या तुकडीला दीड तास लागला. कोणाला साधे खरचटलेही नाही, त्यामुळे या घटनेची कुठे बातमी झाली नाही आणि आमच्या नोंदवहीतही ती दोन ओळींत आटोपली. त्या दिवशी गटाचे नेतृत्व माझ्याकडे होते, म्हणून हे सविस्तर टिपण लिहिण्याची जबाबदारीही माझीच आहे. सहभागी व्यक्तींची आणि संस्थेची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. वेळा मात्र आम्ही त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसून, चौघांचे मोबाइल आणि माझे घड्याळ यांचा मेळ घालून लिहून काढल्या होत्या.

जागा

या पुलाचे महत्त्व समजण्यासाठी आधी डोंगराची रचना पाहावी लागते. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा डोंगर आहे. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते आणि अशा पायरीला आपल्याकडे पदर म्हणतात. खांडसच्या बाजूने भीमाशंकर चढताना आधी एक चढ, मग पदर आणि मग माथ्यापर्यंतचा दाट रानातला दुसरा चढ अशी दोन टप्प्यांची चढाई असते. पदरावर पदरवाडी आहे आणि शिडी घाट व गणपती घाट या दोन्ही वाटा तिथेच एकत्र येतात. म्हणजे पुलावर फुटलेल्या वाटा अखेरीस एकाच ठिकाणी भेटतात, आणि या प्रकरणातला निम्मा गोंधळ याच माहितीमुळे झाला.

दोन्ही वाटांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. शिडी घाट पहिला कडा जवळच्या मार्गाने गाठतो. घळीच्या कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या चढायच्या आणि मधल्या अरुंद कातळ टप्प्यावरून आडवे जायचे, असा हा मार्ग आहे. कोरड्या दिवसांत त्यात मजा असते. पावसाळ्यात मात्र ज्या घळीतून माणूस वर चढतो त्याच घळीतून पाणी खाली येते. गणपती घाट पदरगडाच्या बाजूने वळसा घालतो, वाटेत गणपतीचे छोटे देऊळ लागते आणि तासभर जास्त चालावे लागले तरी हाताने धरून चढण्याचा प्रसंग येत नाही. म्हणूनच पावसाळ्यात गावकरी गणपती घाटाचा सल्ला देतात, तर शहरातून येणारे शिडी घाटाचा हट्ट धरतात. आम्हीही धरला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पूल स्वतः अगदी साधा आहे. जिल्हा परिषदेच्या कागदांत अशा लहान पुलांना साकव म्हणण्याची पद्धत आहे, पण गावात कोणी तो शब्द वापरत नाही. ‘पुलाव भेटा’ असेच म्हणतात. पुलापाशी माणूस आपोआप थांबतो. कठड्याला टेकून बूट नीट करतो, फोटो काढतो, खालचे पाणी पाहतो. त्यामुळे पूल सर्वांच्या लक्षात राहतो. त्याच्यालगत फुटणारी वाट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण पावसाळ्यात कारवीच्या आणि गवताच्या गर्दीत ती दहा पावलांत दिसेनाशी होते. भीमाशंकर अभयारण्याची घोषणा १९८५ साली झाली. पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत मिळून १३० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक असलेले हे रान शेकरूचे घर म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या झाडोऱ्यातून शेकरू जमिनीवर न उतरता फिरते, त्याच झाडोऱ्यात माणसाची हाक पन्नास पावलांपुढे पोहोचत नाही. त्यातून पाऊस सुरू असेल तर तीही नाही.

त्या दिवशीचा क्रम

शुक्रवारी रात्रीपासून पाऊस लागून होता. रविवारी सकाळी ६.५० ला आमची गाडी खांडसला पोहोचली. गावातल्या एका घरी पोहे आणि चहा झाला. ७.२० वाजता ओसरीवर सर्वांना गोलात उभे करून मी सूचना दिल्या. त्यातली वाटेविषयीची सूचना अशी होती: ‘पुलापाशी डावीकडे वळायचे, शिडी घाटाने चढायचे, पदरवाडीला थांबायचे आणि येताना गणपती घाटाने उतरायचे.’ हे वाक्य मी दोनदा सांगितले आणि एका नवख्या मुलाकडून म्हणवूनही घेतले. पुढे मी, मध्ये दोन अनुभवी सहकारी आणि सर्वांत मागे संस्थेचा एक तरुण कार्यकर्ता, अशी रचना होती. मागे राहण्याची जबाबदारी त्याच्याकडे पहिल्यांदाच आली होती, पण मुलगा सावध आणि शब्दाला पक्का होता. त्याचा पक्केपणा पुढच्या घटनाक्रमात महत्त्वाचा ठरला.

७.४५ ला आम्ही निघालो. दहा-बारा मिनिटांतच मागच्या टोकाला चालणाऱ्या एका मुलाच्या बुटाचा तळ सुटला. पावसाळी भटकंतीत याहून नेहमीचे दुसरे दुखणे नसेल. वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा गोंद पहिल्याच चिखलात दगा देतो आणि टाचेकडून उचललेला तळ चालताना फटफट वाजू लागतो. मागचा कार्यकर्ता त्याच्यासाठी थांबला. पन्नाशीचे एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी त्यांच्या पुढेच चालत होते, तेही थांबले, कारण सुतळी त्यांच्याकडे होती. बुटाला पुढून, मधून आणि घोट्याभोवती अशी तिहेरी सुतळी बांधण्यात, ती एकदा सुटून पुन्हा बांधण्यात मिळून पंचवीस मिनिटे गेली. हे चौघे मागे राहिल्याची मला कल्पना नव्हती. मधल्या सहकाऱ्यांना होती, पण ‘येतच आहेत’ एवढीच.

८.१५ ला पुढचे आम्ही पुलावर पोहोचलो. खालचे पाणी गढूळ आणि जोरात होते. समोरून डोक्यावर इरले घेतलेली एक आजी येत होती. आम्हाला डावीकडे वळताना पाहून ती थांबली आणि म्हणाली, ‘दादा, शिडीला आज जाऊ नका. रातीपासनं लय पानी हाय. गणपतीनं जा.’ मी विचारले, ‘अगदीच जाता येणार नाही का, आजी?’ त्यावर तिने पुलाखाली बोट दाखवले आणि काही न बोलता चालू पडली. मी मधल्या सहकाऱ्यांना बोलावले, दोन-तीन मिनिटे बोललो आणि वाट बदलायचे ठरवले. निर्णय योग्य होता, आजही मला त्याबद्दल शंका नाही. पावसाचा जोर वाढला होता, दोघे-तिघे कुडकुडत होते आणि पुलावर आडोसा नव्हता. मी मोठ्याने सांगितले, ‘आता उजवीकडे, गणपती घाट. मागे निरोप द्या.’ आणि ८.३० ला आम्ही निघालो.

निरोप मागे गेला, पण जिथपर्यंत माणसे होती तिथपर्यंतच. रांगेतल्या तेराव्या माणसाने तो ऐकला आणि मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. मागचे कार्यकर्ते कोणत्याही क्षणी वळणावरून दिसतील, आपण तेराजण उजवीकडे चाललेले त्यांना दिसेलच, असे त्याने गृहीत धरले आणि तो चालू लागला. त्याला दोष देता येत नाही, कारण मीही पुलावर मोजणी न करता हेच गृहीत धरले होते.

८.५० ला चौघे पुलावर आले. पूल रिकामा होता. चिखलात बऱ्याच पावलांचे ठसे होते, पण रविवार असल्याने ते कोणाचेही असू शकत होते. डाव्या बाजूला एका दगडावर तैलरंगाचा जुना बाण होता. सकाळची सूचना चौघांच्याही लक्षात होती. बुटाच्या मुलाने ‘थांबायचं का?’ असे विचारलेही, पण मागच्या कार्यकर्त्याने उशीर आधीच झाला आहे, पुढचे शिडीपाशी खोळंबले असतील असा विचार करून डावीकडची वाट धरली. ९.३५ ला त्यांनी वाटेतला एक ओढा घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडला. १०.१० ला ते पहिल्या शिडीच्या पायथ्याशी पोहोचले.

तिथे शिडी दिसत होती ती जेमतेम वरचे दोन दांडे. बाकीच्यावरून पाणी कोसळत होते आणि त्याबरोबर सुपारीएवढे खडे टणाटण आपटत होते. मुलीने नंतर सांगितलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिडीआधीच्या शेवटच्या वळणावर लाल मातीचा मऊ पट्टा होता आणि त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. तेरा माणसे पुढे गेली असती तर तो पट्टा तुडवला गेला असता. ‘बाबा, आपले लोक इथून गेलेलेच नाहीत,’ असे ती म्हणाली तेव्हा चौघांना पहिल्यांदा परिस्थितीचा अंदाज आला. मागच्या कार्यकर्त्याने शिडीला हात न लावता परतण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला निर्णय तोच होता आणि तो गटातल्या सर्वांत कमी अनुभवी कार्यकर्त्याने घेतला.

१०.५५ ला ते ओढ्यापाशी परत आले. सव्वा तासापूर्वी घोट्याइतके असलेले पाणी आता मांडीपर्यंत आले होते, रंग दुधाच्या चहासारखा झाला होता आणि त्यातून फांद्या वाहत होत्या. पुढे शिडी बंद, मागे ओढा बंद. चौघे ओढ्याच्या काठावरून थोडे वर चढून एका मोठ्या दगडाआड बसले.

इकडे आम्ही ९.१५ ला गणपतीच्या देवळापाशी पोहोचून मोजणी केली. तेरा भरले. यानंतरची पन्नास मिनिटे हा या प्रकरणातला सर्वांत लाजिरवाणा भाग आहे. चार माणसे कमी आहेत हे कळल्यावर मी पहिले स्पष्टीकरण निवडले ते सर्वांत सोयीचे: ते हळू चालत असतील. ९.२० ला मी मागच्या कार्यकर्त्याला निरोप टाकला. त्यावर एकच खूण उमटली आणि तशीच राहिली. फोन लावला तर बंद लागत होता. नंतर कळले की त्याचा मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठपिशवीच्या तळाशी होता आणि रेंज असती तरी तो ऐकू आला नसता. दरम्यान कोणीतरी म्हणाले की ते शिडीने गेले असले तरी पदरवाडीला भेटतीलच, वाटा एकत्रच येतात. हे वाक्य खरे होते. त्याच्या आधारावर आम्ही आणखी पंधरा मिनिटे बसून राहिलो. ज्या घळीत जायला नको म्हणून आम्ही स्वतः वाट बदलली होती त्याच घळीत चौघे असू शकतील, ही दुसरी बाजू कोणी बोलून दाखवली नाही.

१०.०५ ला मी दोन अनुभवी सहकाऱ्यांना तीस मीटरचा दोर देऊन मागे पाठवले. १०.४० ला ते पुलावर पोहोचले. तिथे गुरे घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाने न विचारताच सांगितले, ‘चार जन डावीकडं गेली. एकाच्या बुटाला सुतली.’ ११.२० ला दोघे ओढ्याच्या अलीकडच्या काठावर पोहोचले आणि पलीकडचे चौघे त्यांना दिसले. अंतर पंधरा-वीस पावलांचे होते, पण पाण्याच्या आवाजात एक शब्दही ऐकू जात नव्हता. हातांच्या खुणांनी त्यांनी एवढेच सांगितले: बसा.

ओढा

डोंगरातल्या ओढ्याला पूर फार लवकर येतो आणि तितक्याच लवकर उतरतो. डोक्यावर उभा कातळ असतो, पाणलोट लहान असतो आणि जुलैपर्यंत मातीने पिता येईल तेवढे पाणी पिऊन झालेले असते, त्यामुळे माथ्यावर पडलेली सर अर्ध्या-पाऊण तासात खालच्या ओढ्यात दिसते. सर थांबली की तसाच तासा-दीड तासात फुगवटा ओसरू लागतो. म्हणून अशा ओढ्यापाशी थांबणे हाच बहुतेक वेळा सर्वांत मोठा उपाय असतो, आणि भटक्यांना नेमका तोच सर्वांत अवघड जातो.

पाण्याच्या खोलीकडे सर्वांचे लक्ष जाते, वेगाकडे जात नाही. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मांडीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन्ही पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी ढोबळ हिशेबाने सात-आठ किलो वजनाइतका रेटा देते. तेच पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने आले तर रेटा तिसेक किलोवर जातो. शिवाय खाली शेवाळलेले गोटे असतात आणि गढूळपणामुळे पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. घोट्याच्या पाण्यातून आलेल्या माणसाला ‘मघाशी तर सहज आलो’ ही आठवण धीर देते, आणि तोच धीर घातक ठरू शकतो.

साडेअकराच्या सुमारास पाऊस उघडला. दोन्ही काठांवर एकेक खुणेचा दगड ठरवून पाणी किती उतरते ते पाहणे सुरू झाले. १२.५० ला पाणी गुडघ्याच्या वर चार बोटे राहिले तेव्हा ओलांडायचे ठरले. वाट जिथे ओढा ओलांडते तिथून नाही, तर थोडे वर, जिथे पात्र पसरट होते आणि पाणी विभागून उथळ वाहत होते, तिथून. दोराचा उपयोग आधारासाठी केला, कोणाच्याही कमरेला तो बांधला नाही. बांधलेला माणूस घसरला तर दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो आणि काठावरच्यांना ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पाठपिशव्यांचे कमरेचे पट्टे सोडले, चौघांनी हातात हात अडकवून, प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून, एका वेळी एकानेच पाऊल उचलायचे असे ठरवून ओढा पार केला. चार मिनिटे लागली. १.३० ला ते पुलावर आले. देवळातले आम्ही तोवर उतरून तिथेच थांबलो होतो. भीमाशंकर त्या दिवशी कोणीच पाहिले नाही.

पुलावर काय झाले

संस्थेच्या बैठकीत हे प्रकरण आले तेव्हा चर्चा बहुतेक मागच्या कार्यकर्त्याभोवती फिरली. त्याने पुलावर थांबायला हवे होते, फोन हाताशी ठेवायला हवा होता, ठसे आधी पाहायला हवे होते. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि तरीही हे निदान मला चुकीचे वाटते. चौघांनी नेत्याने दिलेली सूचना शब्दशः पाळली. सूचनेप्रमाणे वागणारा माणूस वाट चुकला असे म्हणता येत नाही. वाट बदलली ती आम्ही, आणि बदललेली वाट समोर उभ्या असलेल्यांनाच सांगितली.

यात एक विचित्र गोष्ट अशी की सकाळची सूचना जितकी ठसवून दिली होती तितका धोका वाढला होता. मी ती दोनदा सांगितली नसती, नवख्याकडून म्हणवून घेतली नसती, तर रिकाम्या पुलावर चौघे कदाचित घुटमळले असते. त्यांच्या मनात वाट पक्की होती, म्हणून थांबण्याचे कारण त्यांना दिसले नाही. ओसरीवर घोटवून घेतलेला निर्णय बदलायचा असेल तर तो पुसण्यासाठीही तितकेच कष्ट घ्यावे लागतात, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मुळात पाणी न पाहता शिडी घाट ओसरीवर ठरवणेच चूक होते. तिथे एवढेच सांगायला हवे होते की पुलावर सगळे जमू आणि पाणी पाहून वाट ठरवू. मग पूल रिकामा दिसणे हीच चौघांना थांबण्याची सूचना झाली असती.

दुसरा मुद्दा बाणाचा. सह्याद्रीत वाटांवरचे बाण, झाडाला बांधलेल्या चिंध्या, फांदीला गाठ मारलेली वेफरची पाकिटे या खुणा वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या असतात. खांडसच्या पुलाजवळच्या दोन्ही वाटांवर आम्हाला त्या दिवशी बाण दिसले. बाण इकडून वाट आहे एवढेच सांगतो. आज ती चालू आहे का, तुमची माणसे तिकडे गेली का, यातले काहीही तो सांगत नाही. पण एकट्या पडलेल्या माणसाला तो कोणीतरी आपल्यासाठी ठेवलेल्या निरोपासारखा वाटतो. त्या चौघांनाही तो तसाच वाटला. आम्ही जाताना पुलाच्या कठड्यावर तीन दगड ठेवून उजवीकडे काठी आडवी टाकली असती, किंवा डाव्या वाटेच्या तोंडावर फांद्या टाकून ती बंद केली असती, तरी काम झाले असते. गुरे राखणारी मुले हे रोज करतात.

तिसरा मुद्दा पन्नास मिनिटांचा. माणसे कमी भरल्यावर ‘हळू येत असतील’ हे स्पष्टीकरण इतके सहज सुचते कारण दहापैकी नऊ वेळा ते खरे असते. पण त्या दिवशी दुसरी शक्यता घळीतल्या पाण्याची होती. दोन्ही शक्यतांना सारखा वेळ देणे म्हणजे धोक्याच्या बाजूला वेळ नाकारणे होते. बरोबर ९.१५ ला दोघांना मागे पाठवले असते तर ते ९.५० ला पुलावर आणि १०.३० च्या सुमारास ओढ्यावर असते. तेव्हा पाणी किती होते हे सांगता येणार नाही, पण दोन माणसे आणि दोर अलीकडच्या काठावर आधीच हजर असते आणि चौघांना ती पंचवीस मिनिटे एकट्याने काढावी लागली नसती.

आजीचे बोलणे मात्र मला सर्वांत जास्त आठवते. तिने शिडीचे नाव घेऊन, कारण सांगून, पर्यायही सांगितला. तिची सूचना माझ्यापर्यंत पोहोचली ती मी योगायोगाने त्याच मिनिटाला पुलावर होतो म्हणून. पाच मिनिटे आधी पोहोचलो असतो तर सतराच्या सतरा डावीकडे गेलो असतो. आम्ही गावात पोहे खाल्ले, चहा घेतला, गाडी लावायला जागा विचारली, पण ‘आज शिडी कशी आहे?’ हा प्रश्न त्या घरात कोणालाही विचारला नाही. पोहे देणाऱ्या वहिनींना मी दुपारी परत आल्यावर विचारले. ‘शिडीला कोन जातंय या दिवसांत,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही इचारलं न्हाई, मला वाटलं म्हायती असंल.’

त्यानंतर

पुढच्या पावसाळ्यापासून संस्थेने या वाटेसाठी काही गोष्टी बदलल्या. गावातून निघताना वाट जाहीर होत नाही. पुलावर शेवटचा माणूस येईपर्यंत कोणीही कोणत्याही बाजूला पाऊल टाकत नाही आणि मोजणी आकड्याने न करता प्रत्येकाने आपला क्रमांक मोठ्याने म्हणून होते, कारण आकडा नेता घाईत चुकवू शकतो. पाऊस असला तर एक जण मुद्दाम कठड्यापाशी मागे थांबतो आणि मागच्या कार्यकर्त्याच्या डोळ्याला डोळा मिळाल्यावरच निघतो. जून ते सप्टेंबर शिडी घाट आमच्या कार्यक्रमातून काढून टाकला. यावर काही जुन्या सभासदांची नाराजी आहे आणि कोरड्या दिवशी तिथे पावसाळ्यातही सुरक्षित चढता येते हा त्यांचा मुद्दा अगदीच निराधार नाही. पण खाली कोरडे असताना माथ्यावर सर पडते आहे की नाही हे घळीतल्या माणसाला दिसत नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटते. सुतळी आणि रुंद चिकटपट्टी आता मागच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत असते.

त्या गृहस्थांनी पुलावर परत आल्यावर मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला होता: ‘आमचं चुकलं नेमकं कुठे?’ मी त्या वेळी पावसाचे, घाईचे असे काहीतरी उत्तर दिले. ते रागावले नव्हते, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. संध्याकाळी नोंदवहीत मी लिहिले होते, ‘पुलापाशी चार सदस्य वाट चुकले, दुपारी सुखरूप परत.’ काही महिन्यांनी ती वही हाती आली तेव्हा मी ती ओळ खोडली आणि तिच्या खाली लिहिले: ‘पुलावर ८.२५ ला नेत्याने वाट बदलली. चार सदस्यांना कळवले नाही.’ त्या पानाची प्रत मी त्यांना पाठवली.